पाटी घेऊन ये

काशी मठ्ठ आहे हे माडवेळच्या शाळेत ठरलं ते एका पाटीवरून, आणि ज्यांनी ठरवलं त्यांनाच पाटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हे काशीच्या आत्याचं, आवडाबाईचं म्हणणं. ती ते कुणालाही तोंडावर ऐकवायची, मग समोर गुरुजी असोत की सरपंच.

झालं होतं ते असं. माडवेळ म्हणजे मुरुडच्या अलीकडची कोळ्यांची वस्ती. साठ-सत्तर घरं, पुढे समुद्र, मागे माड, आणि माडांच्या मागे उंचवट्यावर कौलारू मराठी शाळा. सहा वर्षांची काशी शाळेत गेली तेव्हा तिच्या घरातून शाळेची पायरी चढलेलं ते पहिलंच माणूस. धर्माजी गुरुजींनी नव्या मुलांना सांगितलं, "उद्या येताना पाटी घेऊन या." दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं काखेत दगडी पाट्या घेऊन आली. काशी आली ती डोक्यावर आईची मासळीची पाटी घेऊन. पाटीच्या तळाला बोंबलांचं पाणी अजून ओलं होतं.

आता सांगा, पोरीचं काय चुकलं? तिच्या घरात पाटी म्हणजे टोपली. आई पहाटे पाटी भरून बाजाराला जाते, दुपारी रिकामी पाटी उंबऱ्याशी ठेवते, त्या पाटीवर घर चालतं. गुरुजींनी पाटी मागितली, तिने घरातली सगळ्यात मोठी आणि चांगली पाटी नेली, तीही मानेचा काटा ढळू न देता. पण वर्ग खो खो हसला. गुरुजींनी नाकाला धोतराचा सोगा लावला आणि पाटी बाहेर चिंचेखाली ठेवायला लावली, पाटीजवळ पोरीलाही बसवलं. त्या दिवसापासून काशीने वर्गात तोंड उघडणं बंद केलं, आणि गुरुजींनी हजेरीपटाच्या कडेला शेरा लिहिला की मुलगी मंद आहे.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तीन वर्षं पोरगी बिगारीत, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या यत्तेत. बरोबरीच्या मुली तिसरीत जाऊन पाढे म्हणायला लागल्या आणि ही अजून सहा-सहा वर्षांच्या पोरांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. बाराखडी म्हणायला उभी केली की मध्येच अडायची, कारण 'ड' आला की तिच्या तोंडून 'र' यायचा, 'ळ' आला की 'ल'. सगळ्या माडवेळला तसंच येतं. गुरुजी म्हणायचे, "जीभ जड आहे, डोकं त्याहून जड."

आणि मग शिमग्याला महिना असताना काशीचा बाप गुणाजी बहिणीच्या दारात येऊन बसला. गुणाजी आवडाबाईचा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब, कुणी चढ्या आवाजात बोललं की खरं मानणारा.

"बाय," तो म्हणाला, "औंदा परीक्षेला वरचे साहेब येनार हाईत. काशीला वाचाय आलं न्हाय तर शालेतून नाव कमी करतील, गुरुजींनी सांगितलं."

"मंग?"

"मंग काय? माजगावात एक घर हाय, त्यांना पोर सांबालाय मुलगी पायजे. सांगून ठेवलंय. परीक्षा झाली की पाठवतो."

आवडाबाई बोंबील दोरीवर टाकत होती ती थांबली. नऊ वर्षांची पोरगी मुंबईला परक्यांचं मूल कडेवर घेऊन उभी राहणार, हे तिने डोळ्यांपुढे आणलं आणि हातातला बोंबील पाटीत आपटला.

"तिला वाचाय येत न्हाय, का तुमाला ऐकाय येत न्हाय?"

"गुरुजी शिकलेला मानूस, बाय. तो म्हंतो तसंच असंल. मी काय त्याच्याशी भांडू? पान्यात राहून माशाशी वैर करू नये म्हंतात."

"असं म्हननाऱ्यानं जन्मात जालं टाकलं नसंल," आवडाबाई म्हणाली. "आपन रोज काय करतो? माशाशी वैरच करतो ना? त्याच्यावर तर पोट भरतो. परीक्षेपर्यंत पोरगीला कुठं पाठवायची न्हाय, सांगून ठेवते."

गुणाजी मान हलवून गेला. त्याला 'नाही' म्हणणं जमायचं नाही, बहिणीला तर मुळीच नाही. पण माझगावच्या लोकांनाही त्याने 'नाही' म्हटलेलं नव्हतं, हे आवडाबाईला कळत होतं.

आता आवडाबाई कोण लागून गेली, शाळेच्या गुरुजींशी वाद घालणारी? तर तीही शिकलेलीच होती, पण आपल्या वाटेने. स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी वस्तीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. तेव्हा ती पस्तिशीची, नवरा समुद्रात बुडून गेलेला. वर्गात एक बाई यायच्या आणि फळ्यावर लिहायच्या, "ऋ ऋषीचा." आवडाबाई विचारायची, कोण हा ऋषी, कुठल्या बंदरातला? दोन महिने तिला एक अक्षर लागलं नाही. मग एक दिवस बाईंनी फळ्यावर सहज 'एकवीरा' लिहिलं, आणि मागच्या रांगेतून आवडाबाई म्हणाली, "एकवीरा."

बाई चकित झाल्या. त्यात चकित होण्यासारखं काय होतं? एकवीरा ही काळूराम नाखवाची होडी. तिचं नाव तोंडावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या बायका होडी टेकाडाला वळसा घालून आली की लांबूनच सांगायच्या, एकवीरा आली, धनलक्ष्मी आली, हनुमंत मागे राहिला. अक्षर एकीलाही येत नव्हतं. नाव सगळ्या ओळखायच्या. "म्हंजे मी इतकी वर्सं वाचतच होती की काय?" आवडाबाई त्या दिवशी म्हणाली, आणि मग सहा महिन्यांत तिने वर्तमानपत्राचा कागद वाचून दाखवला. अक्षरं कळली, पण ती नावांच्या मागून कळली.

पुढे विकास योजनेतून लहान मुलांचा बालवर्ग काढायचं ठरलं तेव्हा वाचता येणारी बाई म्हणून तिलाच नेमलं. बोंबलांच्या वखारीची ओसरी हा तिचा वर्ग. वरून सांगणं होतं की मुलांची नखं कापा, गाणी शिकवा. नखं तिने कापली. गाणी तिला येत नव्हती, तिचा गळा फुटक्या शंखाचा. मग तिने जे येत होतं ते शिकवलं.

चहाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, होडीला लावायचं डांबर काडीने घेऊन, तिने एकेका पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहिला. मासा, होडी, आई, पाणी, भात. शिवाय ये, जा, मी, तू, आहे, नाही, पण, आणि. हे शब्द मासळीच्या पाटीत टाकले आणि पोरांना पाटीभोवती गोल बसवलं, बाजारात बसतात तसं. ती हाक द्यायची, "होरी कोन काढतो?" की वीस हात पाटीत. ज्याने बरोबर काढला त्याचा वाटा. चुकलेला पुठ्ठा परत पाण्यात, म्हणजे पाटीत. कुठल्याही पोराला तिने कधी 'होडी'तला 'ड' कुठला ते विचारलं नाही. त्यांनी सगळा शब्द एकदम ओळखायचा, घरचं माणूस ओळखावं तसा. वर्षभरात पोरं पाटीत न बघताच भांडायला लागली की 'पण' माझा होता, तू 'मी' घेतलास.

मग पुढचा खेळ. त्यासाठी तिने नवे पुठ्ठे केले, गावातल्या माणसांचे, गुरुजींचासुद्धा, आणि 'येते', 'येत नाही' चे दोन-दोन. बोंबलांच्या मोकळ्या दोरीवर ती पुठ्ठे ओळीने अडकवायची आणि एक वाक्य टांगायची. 'काळूरामला पोहता येत नाही.' पोरं ओरडायची, "खोटं." कारण काळूराम नाखवा म्हणजे दोन वेळा बुडत्या होडीतून पोहत आलेला माणूस. मग ज्याने खोटं पकडलं त्याने धावत जाऊन 'येत नाही' हा पुठ्ठा काढायचा आणि तिथे 'येते' टांगायचा. 'हिला नाचता येत नाही.' 'त्याला वाचता येते.' 'आईला गाता येते.' खोटं बोलायला आवडाबाईला फार मजा यायची. पकडायला पोरांना त्याहून जास्त.

काशी शाळा सुटल्यावर आत्याकडे यायची. वय बालवर्गाचं नव्हतं, पण घरी आई चंद्राबाई बाजारात, म्हणून ती तिथे टेकायची. रोज उशिरा यायची, त्यामुळे पाटीभोवती जागा उरलेली असायची ती एकच, आत्याच्या बरोब्बर समोरची. तिथे बसायला कुणी राजी नसायचं, कारण आवडाबाई पुठ्ठे आपल्या तोंडाने मांडायची आणि समोरून सगळे शब्द उलटे दिसायचे. काशीने कधी तक्रार केली नाही. गप्प बसून बघायची. पहिले दोन महिने तिने हातच घातला नाही पाटीत. एक दिवस आवडाबाईने विचारलं, "पन कोन काढतो?" आणि सगळी पोरं शोधत असताना काशीने हात घातला, 'पण' काढला, आणि मांडीखाली ठेवून दिला. त्यानंतर बाकीच्यांना वाटा मिळणं मुश्किल झालं.

अशा पोरीला वाचता येत नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, आवडाबाई मनात म्हणाली, आणि त्याच दुपारी पाटी डोक्यावर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढली.

धर्माजी गुरुजी वह्या तपासत बसले होते. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. माणगावकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला, चार कोस चालत शाळा केलेला. कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही की शाळा चुकवली नाही. फक्त त्यांच्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या कायम लावलेल्या असायच्या, उन्हाळ्यातसुद्धा, आणि बोलणंही तसंच असायचं.

"गुरुजी, काशीची परीक्षा ह्या पाटीवर घ्या," आवडाबाईने पाटी टेबलावर ठेवली. "तिला समदं वाचाय येतंय."

गुरुजींनी दोन पुठ्ठे उचलून बघितले आणि बोटाला डांबर लागलंय का ते पाहिलं. "आवडाबाई, हे वाचन नव्हे. ही ओळख आहे. पोपटालाही शिकवता येईल. आधी अक्षर, मग बाराखडी, मग शब्द. पाया नको का?"

"गुरुजी, तुमी मला लांबून बघितलं की काय म्हंता? आवडाबाई आली म्हंता. का आदी म्हंता, नाक आलं, मंग डोलं आलं, आता जोडून सांगा कोन आलं?"

"शाळा म्हणजे मासळीबाजार नव्हे."

"न्हाय. बाजारात पोरगी तीन वर्सं एका जागी बसत न्हाय."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "तिला साधा शब्द शुद्ध म्हणता येत नाही. होरी, घोरा, डोला. परीक्षेला साहेब हे ऐकून घेतील? तिच्याच भल्यासाठी सांगतो. शुद्ध बोलल्याशिवाय जगात कुणी दारात उभं करत नाही."

"तुमची आई तुमाला काय म्हनायची, गुरुजी? 'नाही' का 'न्हाय'?"

गुरुजींचा उजवा हात टेबलावर होता तो त्यांनी खाली मांडीवर घेतला. त्या हाताच्या पेरांवर जुन्या छडीचे वळ आहेत हे गावात बऱ्याच जणांनी पाहिलं होतं, त्या छड्या कशापायी बसल्या हे कुणी विचारलं नव्हतं. आवडाबाईला क्षणभर वाईट वाटलं. पण वाईट वाटून काशीचं काय भलं होणार होतं? तिने पाटी उचलली.

"परीक्षेला मी येनार," ती म्हणाली. "भाएर बसंन. पाटी घेऊन."

साहेब आले ते शिमगा होऊन पंधरवड्याने, एसटीतून उतरून बैलगाडीने. उभट चेहऱ्याचे, वयस्क, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशात दोन टाक. अक्षर मोत्यासारखं म्हणून त्यांची ख्याती होती. शाळा सारवलेली, दाराला आंब्याची पानं. ओसरीवर आवडाबाई पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. शेजारी गुणाजी, चुरगळलेली टोपी हातात. त्याच्या खिशात माझगावच्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती. ती त्याने वाचता येणाऱ्या कुणाकडून वाचून घेतली नव्हती, पण रोज काढून बघायचा.

बिगारीची पोरं एकेक करून झाली. शेवटी काशी. साहेबांनी तक्त्यावरच्या एका शब्दावर पट्टीचं टोक ठेवलं.

"वाच."

"होरी."

"काय?"

"होरी," काशी जरा मोठ्याने म्हणाली.

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी कौलांकडे बघत होते. पट्टी पुढे सरकली. 'घोडा' वर काशी म्हणाली "घोरा", 'झाड' वर "झार", 'डोळा' वर "डोला". प्रत्येक शब्द तिने एका नजरेत वाचला, अडखळली नाही की ओठ हलवून जुळवाजुळव केली नाही. आणि प्रत्येक शब्दाला साहेबांनी मान नकारार्थी हलवली.

"साहेब, बरोबर वाचते ती," ओसरीवरून आवाज आला. "आमी ह्याला होरीच म्हंतो."

"बाई, परीक्षेत मध्ये बोलायचं नाही. इथे 'ड' आहे, ती 'र' वाचते. म्हणजे तिला 'ड' ओळखता येत नाही."

"बोलाय येत न्हाय आनि वाचाय येत न्हाय, ह्यात फरक हाय साहेब. तिला इचारा होरी कुठं हाय, ती बोट ठेवंल."

"परीक्षेची ही पद्धत नाही."

"तीन वर्सं तुमची पद्धत झाली. एक दिवस आमची करा."

"गुरुजी, या बाईंना आवरा," साहेब म्हणाले. गुरुजी उठले, ओसरीपर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. आवडाबाईने त्यांच्याकडे अशी काही मान वर करून पाहिलं की ते मागे फिरून खुर्चीत जाऊन बसले.

साहेबांनी निकालाचं दफ्तर पुढे ओढलं. टाक शाईत बुडवला आणि काशीच्या नावापुढे सावकाश, मोकळं-मोकळं, मोत्यासारखं अक्षर काढत लिहू लागले. काशी टेबलाच्या पलीकडे उभी होती. म्हणजे आत्याच्या पाटीसमोर ती जिथे बसायची अगदी तिथेच. तिची नजर टाकाच्या टोकाबरोबर सरकत होती.

"हिला वाचता येत न्हाय," काशी म्हणाली.

"हो ना, तेच तर," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. मग त्यांचा टाक थांबला. शाईचा एक ठिपका कागदावर पडला. त्यांनी मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय. तुमी लिवलंय ना."

"कुठे लिहिलंय?"

काशीने टेबलावरून हात पुढे केला आणि ओल्या शाईला न लागता बरोबर शेवटच्या दोन शब्दांखाली बोट ठेवलं. "हितं. येत न्हाय." आणि मग, तीन वर्षांत या वर्गात तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "हे खोटं हाय."

ती वळली, ओसरीवर आली, आत्याच्या पाटीत न शोधता हात घातला आणि एक पुठ्ठा काढला. परत जाऊन तिने तो साहेबांच्या दफ्तरावर, साहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरांवर ठेवला. शाई ओली होती ती पसरली. ओळ वाचली तर आता होतं, 'हिला वाचता येते'.

गुणाजीने टोपी घालून परत काढली. आवडाबाईला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही दाबण्यात तिचं तोंड वाकडं झालं होतं.

साहेब हाडाचे मास्तर, इतक्यावर मानणारे नव्हते. "ती पाटी इकडे आणा," ते म्हणाले. आवडाबाईने पाटी आणून टेबलावर आदळली. साहेबांनी कोटाची बाही सावरून आत हात घातला, पुठ्ठे चाळले, तीन निवडले आणि आपल्या तोंडाने, म्हणजे काशीला उलटे, मांडले.

'गुरुजींना पोहता येते.'

काशीने एकदा पुठ्ठ्यांकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे.

"खोटं," ती म्हणाली.

बिगारीची सगळी पोरं फुटली. कारण माणगावकडचे गुरुजी भरतीचं पाणी घोट्याला लागलं की मागे सरतात, हे माडवेळच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काशीने 'येते' उचलला, 'येत नाही' ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली. साहेबांनी ओठ घट्ट मिटले, तरी मिशी हललीच.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "उलटं वाचायला हिला तुम्ही शिकवलंत?"

आता इथे गुरुजींना 'हो' म्हणता आलं असतं. शेरा चांगला मिळाला असता, बढतीही झाली असती. गुरुजी उभे राहिले. त्यांचा हात वरच्या गुंडीकडे गेला.

"न्हाय, साहेब," ते म्हणाले. मग घाईने, "नाही. त्यांनी शिकवलं. आवडाबाईंनी." थोडं थांबून म्हणाले, "आणि साहेब, इथे होडीला होरीच म्हणतात. मुलीने बरोबर वाचलं होतं. मघाशी मी बोलायला हवं होतं."

साहेबांनी दफ्तराकडे पाहिलं. "हा पुठ्ठा काढा बाई. सरकारी दफ्तर आहे."

"तुमीच काढा," आवडाबाई म्हणाली. "आनि खाली काय लिवायचं ते लिवा. पन इचार करून लिवा साहेब, पोरगी समोर हुबी हाय. ती वाचंल."

साहेबांनी पुठ्ठा काढला. खाली शाई माखून 'येत नाही' वाचता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. त्यांनी सगळ्या ओळीवर काट मारली आणि खाली नवी ओळ लिहायला घेतली. काशी टाकाबरोबर वाचत होती. 'यत्ता' आणि 'बसवावे' हे शब्द पाटीत कधी नव्हते, तिथे ती गप्प राहिली. 'पहिलीत' लाही अडली, मग 'पहि' वर बोट धरून पुढचं ओठांनी चाचपत निघाली. पण 'हिला वाचता येते' हे ती साहेबांनी टाक उचलायच्या आत म्हणून मोकळी झाली.

"आता खरं हाय," तिने सांगून टाकलं.

गुणाजीने खिशातली चिठ्ठी काढली. ती घेऊन तो लेकीपाशी आला आणि तिच्यापुढे धरली. "ह्यात काय लिवलंय?" काशीने चिठ्ठी पाहिली, उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "मला न्हाय येत," ती म्हणाली, "ह्यातला एकबी सबुद पाटीत न्हाय." गुणाजीने मान हलवली, चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि ओसरीच्या कडेला टाकले. माझगावच्या घराला तो त्या दिवशी पहिल्यांदा 'नाही' म्हणाला.

साहेबांची गाडी गेल्यावर पोरं पांगली. आवडाबाई पुठ्ठे गोळा करत होती. गुरुजी टेबलामागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"काशी, उद्या येताना पाटी घेऊन ये."

काशीचा चेहरा पडला. तीन वर्षांपूर्वी हेच शब्द होते, हाच आवाज होता. तिने आत्याकडे पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "कंची?"

"दोन्ही," गुरुजी म्हणाले.

आवडाबाई इतक्यावर सोडणारी बाई नव्हती. तिने कमरेवर हात ठेवले. "आनि ही मासलीची पाटी ठेवायची कुठं, गुरुजी? चिंचेखाली?"

"न्हाय," गुरुजी म्हणाले, आणि या खेपेला त्यांनी तो शब्द दुरुस्त केला नाही. "आत."